काळी पिशवी

रात्री साडेदहाला शटर ओढून मी घरी येते,
बोटांना अजून गोळ्यांच्या पाकिटांचा वास.
श्रावस्ती पलंगावर पालथी, मोबाइल उशीला टेकवलेला.
म्हणते, आई, मी बहुतेक बायपोलर आहे.

सकाळी तिला एडीएचडी होतं.
घटक चाचणीच्या आठवड्यात आणखी काहीतरी,
ज्याची लक्षणं पाच,
आणि पाचवं असं की कुणालाही बसावं:
सगळ्यांत असूनही तुम्हाला एकटं वाटतं का?
वाटतं, बाई.
काउंटरमागे उभी राहून बारा वर्षं वाटतंय.

ही नावं मला माहीत आहेत.
कन्नमवार नगरात ती घेऊन येणारी माणसं
आधी खोकल्याचं औषध मागतात, मग बाम,
मग दुकान रिकामं व्हायची वाट बघतात,
मग चौघडी कागद सरकवतात,
नापास झालेल्या पोरासारखे.
मी न विचारता काळ्या पिशवीत घालते.
काळी पिशवी आम्ही दोनच गोष्टींसाठी ठेवतो.

आणि हिच्या फोनमध्ये तीच नावं
गुलाबी अक्षरांत, मागे पियानो.

माझा भाऊ नागसेन एकोणीस वर्षांचा होता
तेव्हा त्याच्या आजाराला नावच नव्हतं.
शेजारी म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय.
आई म्हणायची, फार अभ्यास केला पोरानं.
माझी सोयरीक जुळताना त्याला तीन दिवस
मानखुर्दला आत्याकडे ठेवला
आणि पाहुण्यांना सांगितलं, फिरतीची नोकरी आहे.
पाहुण्यांना चहा मीच दिला.

आई गेल्यापासून तो आमच्याकडे, गॅलरीत.
एकदा श्रावस्ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.
मामा, ते आवाज नक्की काय बोलतात?

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी विचारायचे, गोळी घेतलीस?

तो पाण्याच्या पिंपाकडे बघत राहिला. मग म्हणाला,
एक बाई आहे. हिशोब चुकलाय म्हणते.
कुठला, ते सांगत नाही.
वैतागच की, पोरगी म्हणाली.
हो ना, तो म्हणाला.
आणि दोघं हसले.
माझे हात कणकेत होते, तसेच राहिले.

पंधरा दिवसांनी तिनं त्याच्या हातांचा व्हिडिओ टाकला.
थरथरणारा कप, बशीत सांडणारा चहा,
सगळं संथ, आणि तोच पियानो.
खाली अकरा हजार बदाम.
मी हात उगारला होता.
नागसेन म्हणाला, दाखव.

दोनदा बघितलं त्यानं.
हे माझे?
हो, मामा.
एवढे हलतात?
मग बराच वेळ काही नाही,
खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.
मग म्हणाला,
त्या लोकांना सांगितलंस का,
की हे आजारानं नाही, गोळीनं हलतात?

गुरुवारी ती क्लास बुडवून त्याच्याबरोबर सायनला गेली.
केसपेपरची रांग, मग बाकावर साडेतीन तास.
घरी आली, चप्पल एकीकडे, दप्तर एकीकडे.
शेजारी माझ्याएवढी एक मुलगी होती, म्हणाली,
ओढणी डोळ्यांपर्यंत. वडील सारखे उठून बाहेर जायचे.
मी तिला अर्धी चिक्की दिली.

काय झालं होतं तिला?
काय माहीत. मी नाही विचारलं.

पाच लक्षणं पाठ असलेली माझी मुलगी
पाय दाबत बसली होती.
तिच्या डोळ्यांखालचं काळं
मला वाटलं होतं, काजळ पसरलंय.
अंगठ्यानं पुसून पाहिलं. गेलं नाही.

तुला काय होतं गं, म्हटलं.
नाव नको सांगू. काय होतं ते सांग.

तिनं फोन पालथा घातला.
झोप लागत नाही, आई.
कधीपासून?
दिवाळीपासून.

दिवाळीपासून.
मी रोज तिच्या शेजारीच झोपते.